थोरल्या डॉक्टरांची सवत

दुसऱ्या डॉक्टरचं औषध घेतलेला रोगी आमच्या डॉक्टरांना दारातूनच ओळखू यायचा. कसा, ते त्यांनाच ठाऊक. माणूस बाकावर टेकायच्या आत ते चष्मा कपाळावर ढकलायचे आणि म्हणायचे, "कुणाकडे गेला होतास?" रोगी गडबडायचा. "कुठं नाय, डाक्तर." "खोटं बोलू नकोस. ही पोटदुखी माझ्या औषधाची नाही." मग तो बिचारा कुठल्या तरी वैद्याचं, मुंबईच्या मेहुण्याचं नाही तर गावातल्या म्हातारीच्या काढ्याचं नाव घ्यायचा आणि डॉक्टरांचा चेहरा बायको माहेरी निघून गेलेल्या माणसासारखा व्हायचा.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. मी उरणच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि डॉक्टरांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं. पुढे दवाखाना, मधे त्यांचं घर, मागे मी. मधल्या चौकात विहीर होती आणि तिथे पाणी भरताना डॉक्टरांच्या पत्नी, वहिनी, माझ्याशी बोलायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. डॉक्टरांच्या या स्वभावाबद्दल मी एकदा हसून काही म्हणालो, तर घागर कमरेवर घेत त्या म्हणाल्या, "मास्तर, पुरुषाला बाईचा नाद असला तर बायको सवत म्हणून रडते. आमच्याकडे उलटं. ह्यांचे रोगीच ह्यांच्या बायका, आणि दुसऱ्या डॉक्टरची बाटली ही ह्यांची सवत."

ती सवत खरी घरात शिरली ती नवे डॉक्टर आल्यावर. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, मशिदीच्या अलीकडे, एका तरुण डॉक्टरांनी दवाखाना उघडला. मोठी पदवी, पांढरा कोट, गोड बोलणं. गावाने लगेच त्यांना धाकटे डॉक्टर केलं आणि आमच्या डॉक्टरांना थोरले. याचंही आमच्या डॉक्टरांना दुःख. "थोरला म्हटलं की धाकट्याचा वाटा आलाच," ते म्हणायचे. बाजारात जायचा सरळ रस्ता त्या दवाखान्यावरून जात होता. थोरल्यांनी तो सोडला आणि ते तळ्याला वळसा घालून जाऊ लागले. वहिनी म्हणायच्या, "भाजी आणायला गेलेत की प्रदक्षिणेला, कळत नाही."

रविवारी संध्याकाळी ते मला घेऊन टांग्याने मोऱ्याच्या बंदरावर जायचे. मुंबईची लाँच लागली की धक्क्यावर उतरणाऱ्यांकडे बघत उभे राहायचे. मला आधी वाटलं, समुद्राची हवा खायला येतात. मग लक्षात आलं, त्यांची नजर पिशव्यांवर असायची. मुंबईला जाऊन मोठ्या डॉक्टरला दाखवून आलेला कुणी दिसला की हे पुढे व्हायचे. "काय, बरं आहे ना? काय म्हणाला तुमचा मुंबईवाला? काय दिलं?" आणि तिथे धक्क्यावर, माशांच्या टोपल्या चुकवत, ते त्या माणसाला पिशवीतून गोळ्या काढायला लावायचे. गोळी तळहातावर घेऊन उलटीपालटी करायचे. चांगली असली तर परत देताना नुसतं "हं" म्हणायचे. त्या 'हं'मध्ये इतकं दुःख असायचं की रोग्यालाच अपराध्यासारखं व्हायचं.

हे सगळं हसण्यावारी नेत होतो, तोवर मिठागरावरच्या गोमा मुकादमाची गोष्ट घडली. गोमा आगरी, पहाडासारखा माणूस, पण काळीज थकलं होतं. पायांवर सूज यायची. थोरल्यांनी त्याला काळजाची गोळी चालू केली होती आणि तो बरा होता. एका सकाळी आला तो पेंगुळलेला. मी वर्तमानपत्र न्यायला दवाखान्यात आलो होतो.

"कुणाकडे गेला होतास?" ठरलेला प्रश्न आला.

"कुनाकडं नाय, डाक्तर. मना झोपच नाय येत व्हती. पोऱ्यानं मुंबईशी झोपंच्या गोल्या आनल्यान."

"कुणी दिल्या?"

"त्याच्या गिरनीच्या डाक्तरनी. पोऱ्याला दिल्यान, त्यानं मना दिल्या."

थोरले ताडकन उठले. मला वाटलं, आता नेहमीचा तमाशा होणार. झालाही. गिरणीच्या डॉक्टरचा, गोमाच्या मुलाचा आणि लाँच कंपनीचा उद्धार झाला. पण तो होता होता मधेच ते थांबले आणि त्यांनी विचारलं, "झोप येत नाही म्हणजे काय होतं रे नेमकं?"

"आडवा झाला का दम लागतं. उठून बसला का बरा वाटतं."

थोरले खाली बसले. त्यांचा आवाज एकदम उतरला. "अरे गोमा, तुला झोपेचा रोग नाही. तुझं काळीज तुला आडवं होऊ देत नाही. तो दम तुला उठवतो, म्हणून तू जगतोस. ही गोळी तो दमच गुंगवून टाकील. मग तुला उठवणार कोण?" त्यांनी गोळ्या काढून घेतल्या, काळजाच्या औषधाचं प्रमाण बदललं, लघवी होण्याचं औषध दिलं, आणि पाठीशी उशांची उतरंड करून टेकून झोपायला सांगितलं. पुढल्या आठवड्यात गोमा आला तो हसतच. टेकून का होईना, झोप लागत होती.

त्या दिवशी माझ्या मनात आलं, की हा मत्सर नुसता मत्सर नाही. दुसरा एखादा शांत स्वभावाचा डॉक्टर असता तर त्याने हा प्रश्न विचारलाच नसता. वकिलासारखी उलटतपासणी हे करायचे, म्हणून दोन औषधांची गाठ पडायच्या आधीच ती यांच्या हाती लागायची. मी हे वहिनींना सांगितलं.  त्या राजगिरा निवडत होत्या, तशाच निवडत राहिल्या.

वहिनींना त्या सुमाराला प्रेशर होतं. थोरल्यांनी पाऱ्याचं यंत्र लावून ते शोधलं होतं आणि सर्पगंधेच्या गोळ्या चालू केल्या होत्या. तेव्हा त्या गोळ्यांचं मोठं नाव होतं. प्रेशर उतरलं. थोरले खूष. "माझी गोळी बघा," असं ते मला दर आठवड्याला सांगायचे, जणू ती त्यांनीच लावलेली कलमी आंब्याची फांदी होती. पण वहिनी दिवसेंदिवस मिटत चालल्या होत्या. नाक चोंदलेलं, चेहरा ओढलेला. विहिरीवर बोलणं कमी झालं. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "झोप धड लागत नाही, मास्तर. लागली की इतकी वाईट स्वप्नं पडतात, की नको ती झोप." मी म्हटलं, घरात डॉक्टर असताना काळजी कसली. त्या माझ्याकडे बघून कसनुशा हसल्या.

पावसाळा संपून मिठागरांची बांधबंदिस्ती सुरू झाली होती, त्या दिवसांतली एक सकाळ. मी शाळेला निघण्याच्या तयारीत होतो. चौकातून हिराची किंकाळी आली. हिरा म्हणजे त्यांच्याकडे धुण्याभांड्याला येणारी आगरीण. धावत गेलो तर वहिनी मागच्या पडवीत पडलेल्या. उठून दोन पावलं चालल्या आणि कोसळल्या, असं हिरा सांगत होती. डोळे अर्धवट मिटलेले. हाक मारली की ओ द्यायच्या, पण ती ओ फार लांबून यायची, आणि पुन्हा गुंगी.

थोरले दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून आले. आम्ही वहिनींना उचलून पलंगावर ठेवलं. थोरल्यांनी नाडी धरली, यंत्र लावलं. पारा खाली उतरत गेला, आणखी खाली गेला. मी त्यांचा चेहरा बघत होतो. रोग्यापुढे कधीही न घाबरणाऱ्या त्या माणसाने पट्टा सोडून पुन्हा बांधला आणि पारा पुन्हा मोजला.

"मेंदूत काही झालं असावं," ते म्हणाले. "मास्तर, टांगा आणा. दहाची लाँच गाठू. मुंबईला नेतो."

मी दाराकडे वळलो. दारात हिरा उभी होती. ती हललीच नाही.

"डाक्तर," ती म्हणाली, "मना मारा, पन आईका. वयनींनी गोल्या घेतल्यान. झोपंच्या."

"कसल्या गोळ्या? घरात झोपेची गोळी नाही."

"घरातल्या न्हाय. धाकल्या डाक्तरच्या. वयनी सोता गेलत्या. मना शपथ घातली व्हती. पयले एकेकच घेत. काल झोप लागंना तवा दोन घेतल्या, मीच पानी दिलं."

 थोरल्यांनी वहिनींकडे बघितलं, मग हिराकडे, मग माझ्याकडे. आयुष्यभर ज्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी शेकडो परक्यांकडून खोदून काढलं होतं, ते स्वतःच्या घरात त्यांनी विचारलंच नव्हतं. मला वाटलं, आता हे ओरडतील. ते ओरडले नाहीत. "मास्तर, हिला कुशीवर ठेवा, श्वासावर लक्ष ठेवा," एवढं म्हणाले आणि बाहेर पडले. खिडकीतून मला दिसलं. पायांत वहाणा नाहीत, गालावर साबण, आणि माणूस बाजाराच्या सरळ रस्त्याने पळत होता.

धाकटे डॉक्टर सायकलवर आले, थोरले मागून धापा टाकत. धाकट्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मी विचारलं होतं, दुसरं काही औषध चालू आहे का," ते म्हणाले. "बाई नाही म्हणाल्या. नावही दुसरंच सांगितलं होतं. तुमच्या घरच्या आहेत हे मला—"

"ते राहू द्या," थोरले म्हणाले. "गोळी कुठली? केवढी ताकद?"

धाकट्यांनी सांगितलं. थोरल्यांनी सर्पगंधेचं प्रमाण सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि त्या क्षणी दोघांनाही सगळं कळलं असावं, कारण पुढे ते फार थोडं बोलले. एका गोळीने प्रेशर उतरलेलं, नाडी मंद झालेली, अंगात आधीच सुस्ती. त्यावर दुसरीची गुंगी चढलेली. लाँचचे हेलकावे आणि टांग्याचे धक्के देण्यात अर्थ नव्हता. इथेच डोळ्यांत तेल घालून बसायचं होतं. पलंगाच्या पायथ्याला विटा लावून पाय उंच केले. धाकट्यांनी इंजेक्शन दिलं. शेजारच्या काकू कडक कॉफी घेऊन आल्या आणि चमचा वहिनींच्या ओठांशी नेऊ लागल्या, तेव्हा दोन्ही डॉक्टर एकाच वेळी ओरडले, "तोंडात काही घालू नका!" गुंगीतल्या माणसाच्या घशात गेलेलं पाणीसुद्धा छातीत उतरतं, हे मी त्या दिवशी शिकलो.

दुपारभर ते दोघे पलंगाच्या दोन बाजूंना बसले होते. एकजण नाडी बघायचा, दुसरा श्वास. एकदा थोरले आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मला हिचं प्रेशर ठाऊक, स्वभाव ठाऊक. तुम्हाला गोळी ठाऊक. अर्धं इकडे, अर्धं तिकडे, आणि मधे ही पडली." धाकटे खाली मान घालून बसले होते. थोड्या वेळाने थोरल्यांनीच त्यांच्यासाठी चहा आणायला सांगितलं. हिराने तो दोघांपुढे ठेवला आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

उन्हं कलली तसा पारा चढू लागला. वहिनींनी डोळे उघडले, उजवीकडे नवरा बघितला, डावीकडे धाकटे डॉक्टर, आणि पुन्हा मिटून घेतले. या वेळी गुंगीने नव्हे, शरमेने. धाकटे डॉक्टर तेवढ्यात समजून घेऊन निघाले. मीही उठलो, पण थोरल्यांनी मला हाताने बसवलं. त्यांना एकट्याने ऐकायची भीती वाटत असावी.

"मला का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं होतं," वहिनी म्हणाल्या. आवाज क्षीण होता, पण स्पष्ट. "स्वप्नं पडतात, तुमच्या गोळीनं असेल का, म्हटलं. तुम्ही म्हणालात, माझी गोळी अशी नाही. आणि मग जेवताना बोलेनासे झालात."

"त्यात काय एवढं."

"तुमच्या रोग्यांना दुसरा डॉक्टर असतो. रुसलात तर ते तिकडे जातात. मी कुठे जाणार? मला तुमचा रुसवा नको होता आणि झोप तर हवी होती. म्हणून चोरून गेले."

थोरले बराच वेळ पलंगाच्या पट्टीवर हात फिरवत राहिले. मग खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "त्यानं... नीट तपासलं का तुला?"

"तुमच्यापेक्षा जास्त वेळ," वहिनी म्हणाल्या.

तशा स्थितीतही थोरल्यांच्या नाकपुड्या फुगलेल्या मी बघितल्या. मग ते हसले. हसता हसता त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, आणि गालावर सकाळपासून वाळलेला साबणही.

सर्पगंधा त्यांनी हळूहळू कमी करून थांबवली. स्वप्नं खरंच त्या गोळीची होती. महिन्याभरात वहिनी विहिरीवर पुन्हा पूर्वीसारख्या बोलू लागल्या. प्रेशरसाठी जेवणातलं मीठ बंद झालं. मिठागरांच्या गावात, जिथे शेजारी मिठाची टोपली भरून भेट पाठवतात, तिथे अळणी आमटी खाताना वहिनी म्हणायच्या, "हा मात्र ह्यांचाच सूड हं." थोरलेही त्यांच्याबरोबर अळणी जेवू लागले होते, हे वहिनींनीच मला हळूच सांगितलं.

माणूस बदलला असं मी म्हणणार नाही. मत्सर काही औषधाने जात नाही. पण एक नवी सवय त्यांनी लावून घेतली. रोग्याला तपासून झालं की ते उठायचे, खिडकीपाशी जायचे, त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि मग विचारायचे, "आता सांग, आणखी कुणाचं काय काय घेतोस? मी इकडे बघतोय." लोक त्या पाठीला सगळं सांगायचे. धाकट्यांच्या गोळ्या, मुंबईच्या गोळ्या, शेजारणीने दिलेली अर्धी पुडी, नवऱ्याच्या बाटलीतला चमचा. ऐकताना त्यांचे कान लाल व्हायचे, ते मला मागूनही दिसायचे. मग ते वळून शांतपणे म्हणायचे, "सगळ्या बाटल्या उद्या पिशवीत घालून आण. झोपेची गोळी असेल तर आज घेऊ नकोस. आणि उठताना झटकन उठायचं नाही. आधी बसायचं, मग पाय खाली, मग उभं." गरज वाटली तर रोगी आणि पिशवी दोन्ही ते धाकट्यांकडे पाठवायचे. "जा तिकडे," म्हणताना दात आवळलेले असायचे, पण पाठवायचे. धाकटेही आपले रोगी असेच इकडे पाठवू लागले. गोळी हातात घेऊन थोरले अजूनही 'हं' करायचे. फक्त आता कधीकधी त्यापुढे "बरी आहे" असं येऊ लागलं.

साठीच्या सुरुवातीला त्यांचंच काळीज कुरकुरू लागलं. आपलं औषध आपण करू नये, एवढं त्यांना कळत होतं. मुंबईला जाणं त्यांना पसंत नव्हतं. शेवटी एक दिवस ते धाकट्यांच्या दवाखान्यात जाऊन बाकावर इतर रोग्यांबरोबर बसले. धाकटे घाईघाईने बाहेर आले तेव्हा हे म्हणाले, "शेवटी माझा सगळ्यात जुना रोगी पळवलात ना?" पुढे त्यांना झोप येईना, तेव्हा त्यांनी धाकट्यांकडे झोपेची गोळी मागितली. धाकट्यांनी आधी प्रेशर बघितलं, छाती ऐकली, आडवं झाल्यावर दम लागतो का विचारलं, आणि गोळी दिली नाही. काळजाचं औषध बदलून दिलं. थोरले घरी आले ते चिडलेले आणि त्याच वेळी खूष. "नाही म्हणाला," ते मला सांगत होते. "मीही नसती दिली. पण मेल्याला मी शिकवलेलं नाही हो, स्वतःच शिकला!" यात नक्की कौतुक किती आणि जळफळाट किती, ते मला ठरवता आलं नाही.

पुढे माझी बदली पेणला झाली. निरोप घ्यायला गेलो तर थोरल्यांनी विचारलं, "तिथे डॉक्टर कोण आहे?" मी म्हटलं, अजून ठाऊक नाही. "बरं," म्हणाले. वर्षभरात वहिनींचा निरोप आला, की डॉक्टर गेले. दुपारी जेवून आरामखुर्चीत टेकले ते तसेच.

दहावा उलटल्यावर मी उरणला गेलो. दवाखान्याची दारं लावलेली होती. आतल्या खोलीत वहिनी सतरंजीवर बसल्या होत्या आणि समोर धाकटे डॉक्टर. आता त्यांचेही कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते. मी बसलो.  मग धाकटे म्हणाले, "मास्तर, गावातला प्रत्येक माणूस माझी गोळी घेऊन आधी यांच्याकडे यायचा. माझी चूक सापडावी म्हणून हे ती डोळे फाडून बघायचे. मला त्याचा राग यायचा. आणि त्या भरवशावर मी शांत झोपायचो. आता मी लिहून दिलेलं औषध कुणी बघत नाही."

एवढं बोलून त्यांना रडू फुटलं. मोठा माणूस, सतरंजीवर मांडी घालून, हमसून रडत होता.

वहिनींनी पाण्याचं भांडं त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांचे स्वतःचे डोळे भरले होते. "पुरे, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "इतकं रडू नका. ह्यांना कळलं तर म्हणतील, मी मेलो तर माझी बायको रडेल, याचा काय संबंध?"

धाकट्यांनी भांडं उचललं, आणि हसू आणि पाणी दोन्ही एकदमच त्यांच्या घशात अडकलं.